क्षकाकांच्या सिगारेटचं गणित

एका हौदाला दोन नळ आहेत. पहिल्या नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्याने चार तासांत. दोन्ही नळ एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल?

हे गणित माझ्या आईने सोडवलं, मी सोडवलं, तुम्हीही सोडवलं असेल. पण आमच्या माणिकपूरच्या मुलांना ते घातलं की ती उलट मलाच विचारतात, "टीचर, दोन्ही नळांना एकदम पाणी येतं कुठे?" बरोबर आहे त्यांचं! वसईत वाढलेल्या मुलांना पाणी म्हटलं की टँकर आठवतो, हौद नाही. तीच गत त्या आगगाड्यांची. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी आगगाडी खांबाला किती सेकंदांत ओलांडेल, हे कशाला काढायचं? विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळेल का, हे गणित त्यांच्या बाबांना रोज सुटत नाही.

मुद्दा थट्टेचा नाही. गणित नावडतं होतं ते बऱ्याचदा अवघड असतं म्हणून नाही, तर ते कुणाचंच नसतं म्हणून. उत्तर चुकलं काय आणि बरोबर आलं काय, कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून मी शिकवणीत घरातले आकडे वापरायला लागले. दुधाचं बिल, केबलचं बिल, गॅस सिलिंडर. आणि मग एके वर्षी सिगारेट.

माझी शिकवणी म्हणजे हॉलमधली एक सतरंजी, एक पांढरा फळा आणि सहावी ते दहावीची बारा-पंधरा मुलं. वसई रोडला पश्चिमेला उतरलं की माणिकपूर. २००९मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, नवघर-माणिकपूर नगरपरिषद तिच्यात गेली, पण आम्ही आपले अजून माणिकपूरच म्हणतो. सेंट मायकल चर्चच्या आसपासच्या जुन्या घरांतली मुलं, नव्या सोसायट्यांतली मुलं, कोकणातून, देशावरून, उत्तरेतून आलेल्यांची मुलं, सगळी एकाच सतरंजीवर. त्यातल्या बऱ्याच जणांना बाबा, काका, मामा नाहीतर आजोबा यांच्यापैकी कुणासाठी तरी नाक्यावरून "ते" आणायला कधी ना कधी पाठवलेलं असतं. खरं तर अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकणं २००३च्या कायद्याने गुन्हा आहे. पण "पप्पांसाठी" म्हटलं की दुकानदार देतो, आणि आपणही पाठवतो!

तर फळ्यावर मी एक गृहस्थ उभे केले. नाव क्षकाका. बीजगणितात ज्याचं मोल माहीत नसतं त्याला आपण क्ष म्हणतो, म्हणून हे क्षकाका. क्षकाका रोज पाच सिगारेटी ओढतात. जास्त नाही. एक सकाळी स्टेशनवर जाताना, एक चहाबरोबर, एक जेवणानंतर, एक संध्याकाळी, एक रात्री गच्चीत. एका सिगारेटचे पंधरा रुपये धरले. (तुमच्या नाक्यावरचा भाव वेगळा असेल तर तो घाला. सिगारेटचा भाव करानुसार आणि कंपनीनुसार बदलतो, म्हणून छापलेल्या गणितापेक्षा ताजा आकडा चांगला.)

आता माझा एक नियम आहे. आकडेमोड करायच्या आधी अंदाज सांगायचा. वर्षाला किती रुपये जातील? सहावीतल्या एकीने सांगितलं दोन हजार. कुणी म्हणालं पाच हजार. सगळ्यात धीट अंदाज होता दहा हजारांचा, आणि त्यावर बाकीची मुलं हसली.

मग तोंडी हिशेब. पंचाहत्तर गुणिले तीनशे पासष्ट. कॅल्क्युलेटर नाही! पंचाहत्तर चोक तीनशे, म्हणजे चारशे दिवसांचे तीस हजार. त्यातून जादा धरलेले पस्तीस दिवस काढा, पंचाहत्तर गुणिले पस्तीस, दोन हजार सहाशे पंचवीस. उरले सत्तावीस हजार तीनशे पंचाहत्तर.

हॉलमध्ये एकदम शांतता झाली. तो आकडा फळ्यावर आल्यावर मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कारण प्रत्येकाच्या डोक्यात क्षकाकांचा चेहरा वेगळा होता. हौदाच्या गणिताला असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर मला फार काही करावं लागलं नाही. महिन्याचे २,२५० रुपये झाले. घरगुती गॅसचे दोन सिलिंडर येऊन वर पैसे उरतात, हे एका मुलीने सांगितलं, कारण घरी सिलिंडरचे पैसे तीच देते. सातवीची शेकडेवारी तिथेच शिकून झाली. क्षकाकांचा पगार पंचवीस हजार असेल तर पगाराचे नऊ टक्के धुरात जातात. पगार पंधरा हजार असेल तर? पंधरा टक्के. सिगारेट तीच, धूर तेवढाच, पण कमी पगाराच्या घराला तो जास्त महाग. "कमी पैसे असणाऱ्याला वस्तू जास्त महाग पडते" हे वाक्य मी शिकवलं नव्हतं, ते सातवीतल्या मुलाने स्वतः म्हटलं.

आठवीचं चक्रवाढ व्याज हा मुलांच्या नावडीचा धडा. सूत्र पाठ करायचं, मुद्दल घालायचं, उत्तर लिहायचं. इथे मी सूत्र बाजूला ठेवलं आणि वर्षावर्षाने चाललो. क्षकाकांनी पहिल्या वर्षअखेरीस २७,३७५ रुपये ठेवले. व्याज सात टक्के धरलं. पीपीएफचं व्याज एप्रिल २०२०मध्ये ७.१ टक्के झालं होतं, ते हिशेबाला सोपं म्हणून सात. दुसऱ्या वर्षअखेर आधीच्या पैशांवर व्याज आलं, नवे २७,३७५ पडले, झाले ५६,६६६ आणि वर चार आणे. तिसऱ्या वर्षअखेर ८८,००७. असं करत पंधरा वर्षं. (पीपीएफ पंधरा वर्षांचं असतं, म्हणून पंधरा.) मुलांनी आळीपाळीने एकेक वर्ष फळ्यावर येऊन सोडवलं. एकाचं चुकलं की पुढच्या सगळ्यांचं चुकतं, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याचं तपासत होता. शेवटी आकडा आला ६ लाख ८७ हजार ९०७.

नुसते पैसे डब्यात टाकले असते तर पंधरा वर्षांचे ४ लाख १० हजार ६२५ झाले असते. मधले पावणेतीन लाख कुठून आले? व्याजावर व्याज म्हणजे काय, हे त्या दिवशी मला समजावून सांगावं लागलं नाही.

दहावीवाल्यांनी त्यात पुन्हा खोड काढली. पंधरा वर्षं सिगारेटचा भाव तोच राहील का? मग लावा अंकगणिती श्रेढी. पहिल्या वर्षी २७,३७५, आणि दर वर्षी खर्च दोन हजारांनी वाढतो असं धरा. पंधरा पदांची बेरीज, ६ लाख २० हजार ६२५. तीही व्याजाशिवाय! बोर्डाच्या पेपरात श्रेढीचं गणित हमखास असतं, आणि हे गणित केलेली मुलं 'पहिलं पद' आणि 'साधारण फरक' यांची गल्लत करत नाहीत.

आता एक पथ्य सांगते, कारण हा प्रयोग तुमच्यापैकी कुणी घरी करेलच. मोबाइलवर असले हिशेब फिरत असतात, "सिगारेट सोडली असती तर आज दोन बंगले असते" छापाचे. त्यात व्याज पंधरा-अठरा टक्के धरलेलं असतं, पंचवीस-तीस वर्षं धरलेली असतात, आणि शेवटी कोटीचा आकडा येतो. असा आकडा मुलांना देऊ नका. त्यांनी एकदा तपासला आणि फुगवलेला निघाला की पुढचं खरंही त्यांना खोटं वाटेल. आमच्याकडे तर एकाने थेट विचारलं, "टीचर, क्षकाकांनी सिगारेट सोडली तर ते पैसे पीपीएफमध्येच टाकतील कशावरून? वडापाव खातील!" हशा पिकला, पण प्रश्न पक्का होता. वाचलेला पैसा आपोआप साठत नाही, तो बाजूला काढावा लागतो. बचत आणि गुंतवणूक यांतला फरक नववीच्या 'अर्थनियोजन' या धड्यात आहे, आम्ही तो वडापाववर शिकलो.

हा असा हिशेब मांडणारी मी पहिली नाही, आणि तो नुसता शिकवणीपुरताही नाही. आपल्याच महाराष्ट्रात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एका अख्ख्या जिल्ह्याचं हे गणित मांडलं. २००८च्या सुमाराला त्यांनी गडचिरोलीत नमुना पाहणी केली, तेव्हा जिल्ह्यातली माणसं वर्षाला सुमारे ७३ कोटी रुपये तंबाखूवर घालवतात असा अंदाज निघाला. राज्यातल्या गरिबांतल्या गरीब जिल्ह्यातली ही गोष्ट! ७३ कोटी हा आकडा मोठा, म्हणून तो डोक्यात शिरत नाही. मग भागाकार करायचा. जिल्ह्याची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या घरात. माणशी ७३० रुपये, त्यात तान्ही बाळंसुद्धा आली. पाच माणसांच्या घराला वर्षाचे ३,६५०. भागिले ३६५. घरटी रोजचे दहा रुपये!

कोटीतून दहा रुपयांवर येईपर्यंत मुलं श्वास रोखून बसली होती. दहा रुपये म्हटल्यावर मात्र एकजण म्हणाली, "एवढेच?" तिला मी म्हटलं, तेव्हाच्या दहा रुपयांत तिथल्या घरात काय काय आलं असतं ते आजीला विचारून ये. दुसऱ्या दिवशी ती दूध, डाळ, वही-पेन्सिल असं सगळं लिहून घेऊन आली. गडचिरोलीत पुढे २०१६मध्ये शासन, 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' हा दारू आणि तंबाखूविरोधी कार्यक्रम सुरू केला. त्याच्या मुळाशी असा साधा गुणाकार-भागाकार होता, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

पैशांइतकंच मुलांना वेळेचं गणित आवडलं. २००० सालच्या जानेवारीत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिघा संशोधकांचं एक छोटं पत्र छापून आलं होतं. त्यांनी काय केलं, तर सिगारेट ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या ब्रिटिश पुरुषांच्या सरासरी आयुष्यातला फरक घेतला, साडेसहा वर्षं. त्याची मिनिटं केली, ३४ लाख १८ हजार ५६०. मग माणूस वर्षाला सरासरी ५,७७२ सिगारेटी ओढतो आणि अशी चोपन्न वर्षं ओढतो असं धरून आयुष्यभराच्या सिगारेटी काढल्या, ३ लाख ११ हजार ६८८. आणि भागाकार! एका सिगारेटमागे अकरा मिनिटं. मोठा शोधनिबंध नाही, सहावीच्या मुलाला जमेल असा भागाकार. त्या मंडळींनीच तो ढोबळ आहे असं म्हटलं होतं, कारण प्रत्येक सिगारेट सारखंच नुकसान करते असं त्यात गृहीत धरलेलं आहे. २०२४च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी नवी माहिती घेऊन पुन्हा हिशेब केला, तेव्हा अकराची वीस मिनिटं झाली. मुलांनी लगेच क्षकाकांना ती लावली. पाच सिगारेटी, शंभर मिनिटं. "म्हणजे रोज एक पिक्चरचा इंटरव्हलपर्यंतचा भाग!" असं एकजण म्हणाला.

भूमितीसाठी तर कायद्यानेच सोय करून ठेवली आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला बंदी आहे. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, सव्वीस हजार चौरस मीटरच्या वर येतं, म्हणजे जवळजवळ साडेसहा एकर. वर्तुळाचं सूत्र पाठ करून विसरणारी मुलं शाळेच्या गेटपासून पावलं मोजत गेली. किती पावलांवर काय दिसलं, ते इथे लिहीत नाही. तुमच्या मुलांबरोबर एकदा तुम्हीच मोजून बघा. तसंच सुट्टी सिगारेट आणि बिडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२०पासून बंदी आहे, हेही बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

इथपर्यंत सगळं गोड वाटलं ना? आता अवघड भाग.

शिकवणीतल्या एका मुलाच्या वडिलांची पानटपरी आहे. क्षकाकांचं गणित रंगात आलं असताना तो गप्प बसून होता. वर्ग सुटल्यावर मागे राहिला आणि म्हणाला, "टीचर, सगळ्या काकांनी सोडली तर आमचं घर कसं चालणार?"

याला काय उत्तर द्यायचं? "तुझ्या बाबांनी दुसरा धंदा करावा" असं म्हणणं सोपं असतं, आणि ते म्हणणाऱ्याला भाडं भरायचं नसतं. मी त्याला म्हटलं, आपण टपरीचं गणित मांडू. तो चार दिवस वडिलांच्या शेजारी बसला आणि आकडे घेऊन आला. सिगारेट, बिडी, पान, बिस्किटं, चहा, पाण्याची बाटली, प्रत्येकाची खरेदी किंमत, विक्री किंमत, शेकडा नफा. त्याच्या घरचे आकडे मी छापणार नाही. पण शेकडा नफा आणि एकूण नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाइतकं माझ्या वर्गात कुणाला कळलं नाही. गिऱ्हाईक सिगारेटसाठी थांबतं आणि मग चहा घेतं, हे त्याचं निरीक्षण. त्याच्या वडिलांनी धंदा बदलला असं काही झालेलं नाही. झालं एवढंच की तो मुलगा आता मागे राहून नाही, वर्गातच प्रश्न विचारतो.

याच संदर्भात सोलापूरच्या बिडी वळणाऱ्या बायकांबद्दलही मी मुलांना सांगितलं. बिडीची मजुरी हजाराला ठरते. दिवसभर वाकून, तेंदूच्या पानात तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजार बिड्या वळायच्या, मग कुठे मजुरी हातात. एकमान पद्धतीने एका बिडीचे त्या बाईला किती मिळतात ते काढलं की उत्तर पैशांत येतं, रुपयांत नाही. नुसतं "तंबाखू वाईट" म्हणून हा विषय संपत नाही, हे मुलांना कळावं असं मला वाटतं. तंबाखू वाईटच आहे. पण तिच्यावर कुणाकुणाची चूल पेटते, हा हिशेबही त्याच वहीत हवा.

आणि मग घरातले काका. खरं सांगायचं तर हा लेख लिहायला बसले ती यासाठीच.

शिकवणीत माझं पहिल्यापासून सांगणं असतं, की गणित क्षकाकांचंच मांडायचं. घरातल्या कुणाचं नाव घालायचं नाही. पण आठवीतल्या एका मुलीने घरी बसून वहीत 'क्षकाका' खोडलं आणि 'पप्पा' लिहिलं. रोजच्या सिगारेटी तिने कचऱ्याच्या डब्यातली थोटकं मोजून काढल्या होत्या. वर्षं लिहिली होती एकोणीस. खाली उत्तराला लाल पेनाने चौकट. वही टेबलावर उघडी राहिली आणि वडिलांनी ती पाहिली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. वही मिटून जागेवर ठेवली आणि दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

तिची आई माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात दुसरी एक आई आली होती ती नेमकं उलटं मागायला. "टीचर, आमच्या ह्यांच्यासमोर मुलाला ते सिगारेटचं गणित घाला ना. माझं ऐकत नाहीत, पोराचं ऐकतील." तिला मी स्पष्ट नाही म्हटलं.

का, ते सांगते. मैत्रिणींनो, आपण बायका वर्षानुवर्षं जे बोलून थकलो ते मुलाच्या तोंडून वदवायचा मोह होतो. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला घरातला पोलीस केलं की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे बाप लपवायला लागतो. गच्चीतली सिगारेट जिन्याखाली जाते, एवढाच फरक. दुसरी म्हणजे बापाने सोडली नाही तर मुलाला वाटतं की आपण कमी पडलो. सुटलं नाही ते गणित आपलंच होतं असं त्याला वाटायला लागतं. हे ओझं त्याच्यावर कशासाठी? गणिताने मुलाला गणित यावं आणि उद्या कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी पाकीट पुढे केलं तर हात आखडावा, एवढ्यासाठी ते आहे. बापाला सुधारण्याचं काम मोठ्यांनी आपसात करायचं.

पुढच्या महिन्यात ते गृहस्थ स्वतः फी द्यायला आले. एरवी फी आईच आणून देते. दारातच उभे राहिले. म्हणाले, "टीचर, पोरीचा हिशेब बरोबर आहे. मी पण तपासला. पण पैसे किती जातात हे मला माहीत नव्हतं असं तुम्हाला वाटतं का? रोज मीच देतो ना. सोडायची कशी, हे तुमच्या गणितात नाही."

बरोबर बोलले ते. निकोटिनची सवय ही काही बेरजेची चूक नाही, की दाखवली आणि दुरुस्त झाली. ती शरीराला लागलेली असते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं. पुढे दोन ते चार आठवड्यांत ते बरंच उतरतं. त्या दिवसांत घरच्यांनी "बघा, किती चिडता" असं म्हणण्यापेक्षा चार दिवस चालवून घ्यावं. एकदा सोडून पुन्हा धरली, तरी तो प्रयत्न वाया गेला असं नसतं. सोडलेल्या बऱ्याच जणांनी ती एकदाच सोडलेली नसते. आणि फायद्याचं गणितही आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत निम्म्यावर येतो. हे मी त्यांना दारातच सांगितलं, आणि मदतीचा एक नंबर दिला. पुढचं त्यांच्या घरचं आहे, ते पेपरात लिहायचं नाही.

एवढं सगळं काकांबद्दल झालं. आता आपल्याबद्दल! २०१६-१७मध्ये केंद्र सरकारने केलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी १७ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या त्यात फक्त १.४ टक्के. मग बाकीच्या? मशेरी, तंबाखू-चुना, सुपारीतली तंबाखू. शंभरात सतरा म्हणजे साधारण सहातली एक. लग्नाच्या पंगतीत एका ओळीत बारा बायका बसल्या तर त्यातल्या दोघी. धूर निघत नाही म्हणून ती दिसत नाही, एवढंच. आपणच म्हणतो, "दात शिवशिवतात म्हणून लावते." भाजलेली असली तरी मशेरी ही तंबाखूच. तीच हिरड्यांना घासली जाते, आणि तोंडाच्या कर्करोगाला ती सिगारेटइतकीच जवळची.

माझ्या एका विद्यार्थिनीची आजी, मूळची चिपळूणकडची, रोज नातीला सोडायला यायची आणि दाराशी बसून सगळं ऐकायची. क्षकाकांचं प्रकरण पाच-सहा दिवस ऐकल्यावर एक दिवस म्हणाली, "बाईनूं, पुरुषांचंच काय मांडता? माझ्या मशेरीचं मांडा की."

मांडलं. दहाची पुडी तीन दिवस पुरते. पोरांनी पेन्सिली काढल्या, तोवर आजीने बोटांच्या पेरांवर मोजून सांगितलं, "वरसाला बाराशेच्या वर." १,२१७ आलं उत्तर! शाळा दुसरीपर्यंत, पण पावकी-निमकी तोंडपाठ. मग एका मुलाने हुशारी केली, "आजी चाळीस वर्षं लावतेय, म्हणजे गुणिले चाळीस." आजी हसायलाच लागली. "मेल्या, तेव्हा पुडी दहा रुपयांना होती काय? दहा पैशांना होती!" आजच्या भावाने कालचा खर्च मोजता येत नाही, हे दहावीवाल्यांनी श्रेढी मांडून शोधलं होतं. आजीला ते न मांडताच ठाऊक होतं.

नात म्हणाली, "आजी, बाराशे म्हणजे काहीच नाही. काकांचे सत्तावीस हजार आहेत." आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या बहिणीच्या गालाला झालं होतं. टाटाला नेली होती. त्याचं मांड."

ते काही आम्ही मांडलं नाही.

वर्ग सुटल्यावर आजी मागे राहिली. "त्या बाप्याला तू नंबर दिलास म्हणे, तो मला पण दे." केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची ही मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. २०१८च्या सप्टेंबरपासून तो नंबर सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर छापलेलाही येतो, पण चित्राकडे बघवत नाही म्हणून आपण पुडी उलटी ठेवतो आणि नंबर वाचायचा राहतो. ती सिगारेटवाल्यांसाठी आहे तशीच मशेरीवाल्यांसाठीही. मी तिला तो मोठ्या अक्षरात कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदावर लिहून दिला. तिने कागदाची चौघडी करून कनवटीला लावली, आणि या फोनला पैसे पडत नाहीत ना, हे मात्र दोनदा विचारून घेतलं.